बसवनगुडी : आखलेली वसाहत, घडविलेले गाव



शाळेच्या हीरक महोत्सवात एखाद्या उपनगराविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेला मराठी माणूस बहुधा जुन्या शहराच्या गाभ्यात राहिला नाही. रेल्वे, टपाल, बँका, कारखाने यांच्या निमित्ताने तो आला आणि शहराच्या कडेला वाढत असलेल्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड थाटून बसला. त्याची शाळा, त्याचे मंडळ, त्याचा गणेशोत्सव हे सारे तेथेच उभे राहिले. एकमेकांना अनोळखी असलेली माणसे नव्या आखलेल्या रस्त्यांवर येऊन राहतात आणि काही दशकांत त्यांचे एक गाव होते. ते कसे होते, हे पाहण्यासाठी बंगळूरच्या बसवनगुडीसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळुरात शिरला. मुंबईत तो दोन वर्षे आधीच आला होता. रेल्वेच्या वाटेने तो दक्षिणेकडे सरकला. कोट आणि पेठ या जुन्या भागांत घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, उजेड-वारा नाही. लोक घरे सोडून मोकळ्या माळावरच्या छावण्यांत गेले. जुन्या शहराच्या उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन नव्या वसाहतींचा विचार म्हैसूर सरकारने त्यापूर्वीच सुरू केला होता. कन्नडमध्ये अशा वसाहतीला ‘बडावणे’ म्हणतात. प्लेगने त्या कामाला घाई आणली. एरवी कागदावरच रेंगाळणारी कामे संकटाच्या धाकाने कशी मार्गी लागतात, याचा अनुभव आपल्या सर्वच शहरांना आहे.

त्या वेळी संस्थानचे प्लेग कमिशनर होते विश्वनाथ पाटणकर माधवराव. हे पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. नावातील ‘पाटणकर’ ऐकून श्रोत्यांचे कान टवकारले असतील, तर ते योग्यच आहे. माधवराव कुंभकोणमचे, तंजावर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या देशस्थ मराठी घराण्यातले. आणि येथे इतिहासाचा एक मोठा विलक्षण फेरा पूर्ण होतो. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवस्थानाला एक गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. ते मल्लपूर म्हणजेच आजचे मल्लेश्वरम्. व्यंकोजी पुढे तंजावरास गेले, त्यांच्या पदरी आणि त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे कावेरीकाठी वसली. आणि सव्वादोनशे वर्षांनी त्याच मराठी समाजातील एक अधिकारी व्यंकोजींच्या दानाच्या जागेशेजारी नव्या वसाहतीच्या कामावर देखरेख करण्यासाठी उभा राहिला. याला योगायोगच म्हणावे लागेल. मात्र परप्रांतातील मराठी माणसाचा वारसा केवळ तलवारीचा नाही, नगररचनेचा आणि सार्वजनिक आरोग्याचाही आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती. ती आलेली नाही.

बसवनगुडीची आखणी आजही पायी फिरून समजून घेता येते. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, मध्ये बागा, आणि घरांच्या दोन रांगांमध्ये मागच्या बाजूने जाणारी अरुंद बोळ. पाणी हेसरघट्ट्याच्या तलावातून १८९६ पासून शहराला मिळू लागले होते. विजेचे दिवे १९०५ साली शहरात लागले. हे सर्व कौतुकास्पद आहे. परंतु मागची बोळ कशासाठी होती, हेही सांगितले पाहिजे. ती मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांसाठी होती. वसाहत ज्यांच्या श्रमाने स्वच्छ राहायची, त्यांनी पुढच्या रस्त्याने दिसू नये, अशी ती सोय होती. जमिनीचे भाग पाडतानाही जातीजमातींचा विचार झाला. कोणत्या भागात कोणी राहावे, हे नकाशातच ठरले. प्लेगचा उंदीर जात पाहत नव्हता, तरी प्लेगवरील उपाय मात्र जात पाहूनच आखला गेला. याच सुमारास छावणी भागात १९०६ पासून फ्रेझर टाऊन वसविले गेले आणि उंदरांना थारा मिळू नये अशा बांधणीच्या घरांवर तेथील नगरपालिकेचे अभियंता स्टीफन्स यांनी १९१४ साली पुस्तकही लिहिले. घरांच्या पायांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या त्या काळाला शेजाराचा विचार मात्र तितक्या मोकळेपणाने करता आला नाही.

स्थानिक कारभाराचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. बंगळुरात १८६२ पासून दोन नगरपालिका होत्या : एक शहराची, दुसरी छावणीची. पुढे छावणीचा कारभार ब्रिटिशांकडे राहिला आणि शहराचा संस्थानाकडे. एकाच गावात दोन राज्ये नांदत होती म्हणा ना! डिसेंबर १९४९ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याआधीच्या काळात मताधिकार मोजक्यांनाच होता आणि सरकारी अधिकाऱ्यांचे वजन मोठे होते. अशा नगरपालिकेने बसवनगुडीला रस्ते, पाणी आणि दिवे दिले. शाळा, ग्रंथालय, सभागृह, व्याख्यानाचा चौथरा यांसाठी मात्र रहिवाशांना स्वतः हात-पाय हलवावे लागले. त्यांनी ते हलविले, आणि वसाहतीचे गाव होण्याची प्रक्रिया तेथून सुरू झाली.

या गावाला पाहुणेही असे लाभले की कोणालाही हेवा वाटावा. बुल टेंपल रस्त्यावरील रामकृष्ण आश्रमाची वास्तू १९०९ मध्ये खुली झाली आणि मार्च १९११ मध्ये श्री शारदादेवी तेथे आल्या. त्यांना कन्नड येत नव्हते, दर्शनास आलेल्यांना बंगाली येत नव्हते. आश्रमाच्या आवारातील एका खडकावर त्या बसल्या आणि लोक त्यांच्यासमोर बसून राहिले. भाषेविना झालेली ही भेट बसवनगुडीने जपली आहे. तो खडक आजही तेथे आहे. दुसऱ्याच्या भाषेच्या प्रदेशात शाळा चालविणाऱ्यांना या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१५ च्या फेब्रुवारीत नामदार गोखले गेले. नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी त्याच वर्षी ८ मे रोजी बंगळुरात आले, ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करण्यासाठी. एका गुजराती शिष्याने कानडी मुलखात आपल्या मराठी गुरूच्या चित्रावरील पडदा दूर करावा, ही घटना आजच्या भाषिक वादांच्या दिवसांत मुद्दाम आठवावी अशी आहे. त्या काळी शहरात डी. व्ही. गुंडप्पा नावाचे अठ्ठावीस वर्षांचे एक पत्रकार होते. औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्याही अलीकडे थांबलेले, वाचन मात्र अफाट. त्यांनी गोखल्यांना मनोमन गुरू मानले होते आणि त्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळणारा, अंदाजपत्रकातील आकड्यांशी झुंजणारा आणि तरीही सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे असे सांगणारा हा नेता गुंडप्पांना आदर्श वाटला. तसबिरीचा समारंभ एका दिवसाचा होता. गुंडप्पांच्या मनातले काम तीस वर्षे चालू राहिले आणि १९४५ साली बसवनगुडी परिसरात ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ उभी राहिली. तेथे राज्यघटनेपासून काव्यापर्यंत विषयांचे सामूहिक वाचन आणि चर्चा होऊ लागली. १९७० मध्ये नागरिकांनी गुंडप्पांचा सत्कार करून त्यांना थैली अर्पण केली. साध्या घरात राहणाऱ्या त्या वृद्धाने ती सर्वच्या सर्व संस्थेला देऊन टाकली. महाराष्ट्रात गोखल्यांच्या नावाने रस्ते आणि महाविद्यालये आहेत. परंतु कन्नड लेखकाने आयुष्यभराच्या निष्ठेने उभारलेले हे स्मारक किती मराठी जनांना ठाऊक आहे?

दुसरा धागा शाळेचा आहे, म्हणून आजच्या प्रसंगी तो अधिक जवळचा. १९१७ साली ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने बसवनगुडीत नॅशनल हायस्कूल सुरू झाले. १९३६ मध्ये गांधीजींनी या शाळेला भेट दिली, तेव्हा त्यांच्या हिंदी भाषणाचा कन्नड अनुवाद करण्यासाठी शाळेने उभा केला तो एक विद्यार्थीच. गौरीबिदनूरजवळच्या खेड्यातून आलेला, जेमतेम सोळा वर्षांचा एच. नरसिंहय्या. थोर पाहुण्यासमोर एखाद्या प्रतिष्ठित वकिलाला किंवा नगरसेवकाला उभे करणे सोपे होते. त्या शाळेच्या शिक्षकांनी मुलावर विश्वास टाकला. हाच मुलगा पुढे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, नॅशनल कॉलेजचा प्राचार्य आणि १९७२ ते १९७७ बंगळूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. अविवाहित राहून, कॉलेजच्या वसतिगृहातील एका खोलीत त्यांनी आयुष्य काढले. १९६२ मध्ये त्यांनी ‘बंगळूर सायन्स फोरम’ सुरू केले आणि सामान्य नागरिकांसाठी विज्ञानविषयक व्याख्यानांची नियमित प्रथा पाडली. शाळांच्या समारंभांत पाहुण्यांना हार घालण्यासाठी मुलांच्या रांगा उभ्या केल्या जातात, त्या पाहताना नरसिंहय्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१९४५ हे वर्षच बसवनगुडीला भाग्याचे ठरले. त्याच वर्षी बी. पी. वाडिया यांनी तेथे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर’ स्थापन केली. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी. १९१८ साली मद्रासमध्ये त्यांनी कामगारांची संघटना उभी केली होती. अखेरीस ते या कन्नड उपनगरात स्थिरावले आणि त्यांनी सर्वांना खुले असलेले ग्रंथालय आणि व्याख्यानगृह दिले. अर्ध्या कोसाच्या परिघात एक संस्था राज्यव्यवहाराचा अभ्यास करणारी, एक विश्वसंस्कृतीचा, आणि पुढे एक विज्ञानाचा. मास्तींसारखा थोर कथाकार शेजारच्या गविपुरात राहत होता. लगतच्या चामराजपेठेत १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरू लागला आणि मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहूनही लोक गाणे ऐकू लागले. गांधी बाजारातील ‘विद्यार्थी भवन’ या १९४३ पासूनच्या उपाहारगृहात डोशाची वाट पाहत लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाकावर बसत. नकाशात जातीनिहाय पाडलेले भाग या बाकांवर आणि व्याख्यानांच्या सतरंज्यांवर काही अंशी तरी पुसले गेले. पूर्णपणे पुसले गेले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

आता आजच्या स्थितीकडे वळू या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले आणि तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ज्या बंगळुरात १८६२ पासून नगरपालिका आहे, तेथील निर्वाचित महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षे लोटली तरी निवडणूक झाली नाही. प्रशासक आणि अधिकारी कारभार पाहत राहिले. २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच महापालिका करण्यात आल्या. विभागणीचे गुणदोष काळ ठरवील. परंतु नगरसेवकच नसेल तर पदपथावरच्या उघड्या गटाराविषयी आजीबाईंनी कोणाच्या दारात जायचे, या प्रश्नाला नव्या हद्दींनी आपोआप उत्तर मिळत नाही. संस्थानी काळात मत थोड्यांनाच होते. आज मत सर्वांना आहे, आणि ते देण्याचा दिवसच उगवत नाही. गुंडप्पांची संस्था ज्या विषयाच्या अभ्यासासाठी निघाली, तो विषय त्यांच्या दारातच असा अनुत्तरित उभा आहे. तेथील श्रोत्यांचे केस पांढरे होत चालले आहेत आणि तरुण मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींत नोकरीला जातात, ही अडचण केवळ बसवनगुडीची नाही. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांना किती जण येतात, हे पदाधिकाऱ्यांना विचारावे.

तरीही वर्षातून एकदा बसवनगुडी आपले मूळ रूप दाखविते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मोठ्या नंदीच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिषे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी या खेड्यांचे शेतकरी पहिले पीक नंदीला वाहत, अशी तिची कथा आहे. ती खेडी आता वसाहतींच्या पोटात गेली. शेतांवर घरे झाली. तरी शेतकरी दूरदूरच्या तालुक्यांतून पोती घेऊन येतात. ज्या रस्त्याची आखणी प्लेगच्या भीतीने झाली, त्याच रस्त्यावर शेंगांचे ढीग लागतात. सेवानिवृत्त न्यायाधीश, फुलवाली, कॉलेजातली मुले सगळे मापाने शेंगा घेतात, तेथेच उभ्याने सोलतात. रात्री उशिरापर्यंत बुल टेंपल रस्ता टरफलांनी भरून जातो, आणि पहाटे झाडू घेऊन येणारी माणसे मागच्या बोळातून नव्हे, त्याच हमरस्त्याने येतात.