इतिहासकार कियोसावा

जपानच्या परराष्ट्रीय राजकारणाचे इतिहासकार कियोसावा कियोशी यांचा जन्म १८९० सालीं नागानो प्रांतांतील एका शेतकरी घराण्यांत झाला. सोळा-सतरा वर्षांच्या वयांत ते अमेरिकेस गेले. मोलमजुरी करीत शिकले आणि तेथील जपानी वृत्तपत्रांत लिहूं लागले. मायदेशीं परतल्यावर १९२३ च्या भूकंपांत त्यांची पत्नी व मुलगी दगावली.

१९४१ सालीं, ज्यांचे लेख मासिकांनीं घेऊं नयेत अशा लेखकांच्या सरकारी यादींत त्यांचें नांव आलें. वर्तमानावर लिहिण्याची बंदी झाली. परंतु भूतकाळ मोकळा होता! १८७४ सालीं तैवानच्या तंट्यांत पेकिंगला जाऊन वाटाघाटींनीं युद्ध टाळणाऱ्या ओकुबो तोशिमिची यांच्यावर त्यांनीं १९४२ मध्यें, ऐन युद्धांत, ग्रंथ प्रसिद्ध केला. सुज्ञ वाचकांस त्यांतील रोख कळला असावा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं रोजनिशी आरंभिली. पुढें या युद्धाचा इतिहास लिहावयाचा, त्याचीं हीं साधनें. वस्तूंचे भाव, अफवा, पुढाऱ्यांचीं भाषणें, वृत्तपत्रांतील कात्रणें, सारें तींत आहे. पोलिसांच्या हातीं ती पडती तर धडगत नव्हती.

शेवटची नोंद ५ मे १९४५ ची. २१ मे रोजीं न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला. जपानची शरणागति ऑगस्टांत आली. योजिलेला ग्रंथ राहिला. टिपणें मात्र युद्धानंतर ‘अंधारांतील रोजनिशी’ अशा अर्थाच्या नांवानें छापलीं गेलीं.