अनामत नावाचा विश्वास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दवाखान्याच्या काउंटरवर जे शब्द रोज ऐकू येतात, त्यांतले बरेचसे अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. हिशेब, रक्कम, अनामत, वसुली. खुद्द ‘दवाखाना’ हा शब्दही तसाच. कविता लिहिणाऱ्याला शब्दांचे मूळ शोधण्याची खोड असते. अनामत म्हणजे अमानत. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. ती जपायची आणि तिचा हिशेब द्यायचा. ‘वसूल’चा मुळातला अर्थ पोहोचणे, हाती येणे. आज मात्र खाजगी रुग्णालयात अनामत म्हटले की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो आणि वसुली म्हटले की सावकार आठवतो. या शब्दांवर अशी वेळ का आली, याचा आज थोडा विचार करू.

आमचे घाटनांदूर परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचे गाव. मोठे दुखणे आले की आमच्या भागातल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक अंबाजोगाईला, १९७४ साली सुरू झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची. दुसरी अंबाजोगाई, परळी किंवा लातूरच्या खाजगी रुग्णालयांची. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर दर विचारत फिरायला कोणाला सवड असते? बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करते. स्ट्रेचरवरचा माणूस करू शकत नाही.

शेतकरी मोंढ्यात सोयाबीन घालतो तेव्हा आडत्या त्याला पट्टी देतो. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळे एकाखाली एक. भाव पटला नाही तरी हिशेब कळतो. रुग्णालयाच्या बिलातही रकाने असतात : बेडचे भाडे, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, तपासण्या, ऑपरेशन थिएटर, भूल, औषधे. पण ते बिल बहुधा शेवटच्या दिवशी हाती पडते आणि त्यात एक रकाना ‘इतर’ असा असतो. भांडण बहुतेक वेळा या ‘इतर’वरून होते.

रुग्णालयाचीही बाजू आहे. नर्स आणि वॉर्डबॉयचा पगार महिन्याला द्यावा लागतो. ऑक्सिजन, वीज, यंत्रांवरच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. शासकीय योजनेचे आणि विमा कंपनीचे पैसे उशिरा येतात, त्यातही कपात होते. पैसे आलेच नाहीत तर छोट्या गावातले रुग्णालय बंद पडते आणि नुकसान गावाचेच होते. म्हणून ‘डॉक्टरने पैसे मागूच नयेत’ असे मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो केव्हा सांगितले आणि कसे सांगितले याचा.

दर आधी कळले तर काय होते, हे कोरोनाच्या काळात दिसले. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला ४ हजार रुपये, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार आणि व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार. जून २०२१ मध्ये हे दर शहरांच्या वर्गवारीनुसार केले, तेव्हा लहान शहरे आणि ग्रामीण भागासाठी ते २ हजार ४००, ४ हजार ५०० आणि ५ हजार ४०० झाले. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि अनेक ठिकाणी जादा घेतलेली रक्कम परत करावी लागली. साथ ओसरली तसे ते दर गेले. पण बिल तपासता येते, ही गोष्ट लोकांना कळली.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दिसेल असे लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, तसेच बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात. तातडीच्या वेळी आधी दाखल करून घ्यायचे आणि गरिबाकडे अनामत मागायची नाही, हेही त्या योजनेत आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात अनामत मागितल्यावरून केवढा वाद उठला, हे आपण पाहिले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षणही २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत वाढले. ते मिळवायचे तर रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होतानाच विचारावे, आरोग्यमित्राला गाठावे आणि रेशनकार्ड सोबत ठेवावे. बैल विकल्यावर विचारून उपयोग नाही.

रुग्णालयांना माझी तीन साध्या गोष्टींची विनंती आहे. दाखल करताना खर्चाचा अंदाज रुग्णाच्या भाषेत, लिहून द्या. रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचा आकडा नातेवाइकांना सांगा. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती आणि न वापरलेली औषधे परत केल्याची नोंद द्या. तिसऱ्या दिवशी खर्च झेपत नाही असे कळले, तर माणूस रुग्ण अंबाजोगाईला हलवण्याचा विचार करू शकतो. दहाव्या दिवशी कळले तर त्याच्याकडे शेत विकण्याखेरीज काही उरत नाही. आणि रुग्णालयाकडे उरते थकबाकी, आरडाओरड, कधी काचा फोडणारा जमाव.

आपणही काही पाळले पाहिजे. बिल विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे; पण उपचार झाल्यावर ऐपत असूनही पुढाऱ्याचा फोन लावून बिल बुडवणे ही चोरीच आहे. त्या बुडालेल्या पैशाचा भार पुढच्या गरिबावर पडतो.

कुराणातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, ठाऊक आहे? नमाजाविषयी नाही, रोजाविषयी नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, याविषयी ती आहे. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या मनात शंका राहू नये म्हणून. आमच्या गावातला किराणा दुकानदारही खाते वाचून दाखवल्याशिवाय सुगीला पैसे मागत नाही, मग त्याचा आणि गिऱ्हाइकाचा धर्म कोणताही असो.

रोज वाचून दाखवलेल्या हिशेबाचे पैसे बहुधा आपल्या पायांनी चालत येतात. त्यांच्यामागे माणूस धाडावा लागत नाही.