नारळ नको, बिदागी द्या

(गांवच्या वाचनालयांत लोककलावंतांची बैठक सुरू होण्यापूर्वीं एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज या खोलींत मुद्दाम ध्वनिक्षेपक लावलेला नाहीं. पडवी धरून पन्नास-साठ माणसें बसतील एवढीच ही जागा. कोणी विचारील, कर्णा नाहीं तर ऐकूं काय येणार? त्याला माझें सांगणें एवढेंच कीं, बाबा, थोडा पुढें सरकून बैस. तुणतुण्याला एकच तार. डीजेच्या भिंतीपुढें ती मुकी होते, येथें ती बोलेल. संबळाचें एक भांडें घुमतें, दुसरें कडाडतें. हा भेद जवळ बसणाऱ्यालाच कळतो.

आपल्या आज्या-पणज्यांनीं असेंच ऐकलें. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढें त्या समाजाचे जलसे तमाशाचाच बाज घेऊन खेडोपाडीं फिरले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनीं आंबेडकरी जलसे उभे केले. ज्यांना शाळेची पायरी चढूं दिली नाहीं, त्यांच्यासाठीं ढोलकी-तुणतुण्यानें चावडीपुढें शाळा भरविली. मी मास्तर आहें, म्हणून हें ऋण मला अधिक जाणवतें.

पण हें ऋण आपण कसें फेडलें? पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर फडच्या फड पोसले. ते १९४५ सालीं हलाखींत वारले. विठाबाई नारायणगांवकरांचा राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव झाला. २००२ सालीं त्या गेल्या, तेव्हां त्यांचेही अखेरचे दिवस ओढगस्तीचेच होते. मानपत्र भिंतीवर टांगतां येतें. त्याची भाकर होत नाहीं.

दूरचें कशाला? गेल्या जत्रेच्या वर्गणीचा हिशेब मींच लिहिला. डीजेवाल्याला पैसे आगाऊ मोजले. मंडपवाल्याला मोजले. गोंधळी रात्रभर उभा राहून गायला. पहाटे त्याला मिळाला एक नारळ, एक शेला आणि ताटांत पडलेली चिल्लर. वहींत त्याच्या नांवाचा रकानाच नव्हता. ती वही माझ्या हातची आहे. दोष दुसऱ्या कोणावर ढकलूं?

कोणी म्हणतात, ती देवाची सेवा, तिला मोल कसलें? मग मंडपही देवाचाच होता, त्याला मोल कां दिलें? विद्यादानही पवित्र म्हणतात. तरी मी महिन्याच्या महिन्याला पगार घेतों आणि त्यांत मला लाज वाटत नाहीं. गोंधळ्याच्या पोरांना भूक लागत नाहीं काय?

आणखी एक गोष्ट. हलगी वाजविणारे दादा मघांशीं आले ते जोड्यांजवळ बसले. बसा म्हणून कोणी सांगितलें नाहीं, उठा म्हणूनही कोणी म्हणालें नाहीं. त्यांच्या आज्यानें मांडवाबाहेर उभें राहून वाजविलें. ती संवय त्यांच्या अंगांत उरली, तशीच ती पाहत राहण्याची संवय आपल्याही अंगांत उरली आहे. दादा सतरंजीच्या मधोमध येऊन बसेपर्यंत आजची बैठक सुरू होणार नाहीं.

माझी मागणी तीन गोष्टींची. बिदागी अगोदर ठरवावी आणि गाण्याच्या आधीं द्यावी. तिचा आंकडा सर्वांसमक्ष फळ्यावर लिहावा. आणि शाळेंतील मुलांना हीं वाद्यें याच मंडळींकडून शिकवावीं. शिकविण्याचेंही मोल द्यावें, म्हणजे त्यांचीं मुलें ही कला लाजून टाकणार नाहींत.

आज दारांत जमलेली वर्गणी चौघां कलावंतांत सारखी वांटून त्यांच्या हातीं दिली आहे. आंकडा फळ्यावर आहे. ज्याला शंका असेल त्यानें उठून मोजावा. पुढच्या जत्रेची वही पुन्हां माझ्याकडेच आली, तर तिच्यांत पहिला रकाना गोंधळ्याचा असेल. तो कोरा दिसला तर भर सभेंत मला जाब विचारा.

मास्तराचें बोलणें पुरे झालें. दादा, उठा, मधें या.