चपटी तार आणि बासचा नाद

इलेक्ट्रिक बास गिटारच्या नादाची चर्चा बहुधा लाकूड, पिकअप आणि अॅम्प्लिफायर यांभोवती फिरत राहते. परंतु कंप पावते ती तार, आणि चुंबकीय पिकअप टिपतो तोही तिचाच कंप, त्यामुळे तारेच्या घडणीतला फरक कानाला पुष्कळदा या साऱ्यांहून आधी जाणवतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय फ्लॅटवाऊंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या तारांची निवड हा असून त्यातील मुख्य प्रतिपादन असे, की ही निवड दुकानात पाकीट उचलताना संपत नाही. ताण, धातू आणि जाडी यांच्याइतकाच, ती तार वाद्यावर किती काळ राहू द्यायची हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे.

बासची सर्वांत जाड तार ‘ई’ या स्वरात, सुमारे 41 हर्ट्‌झ इतक्या कंपनसंख्येवर लावली जाते, आणि नेहमीच्या बासवर तिची कंप पावणारी लांबी 34 इंच असते. एवढ्या लांबीत इतका खर्ज मिळवायचा तर तार जड हवी. मात्र नुसती पोलादी तार जाड करत गेल्यास ती ताठर होऊन तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर, बेसूर होतात. म्हणून बारीक पोलादी गाभ्याभोवती वेढे देऊन तारेचे वजन वाढवतात. बाहेरचा वेढा गोल तारेचा असेल तर ती राऊंडवाऊंड, आणि चपट्या पट्टीचा असेल तर फ्लॅटवाऊंड होय. चपट्या पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटाला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, घसीट घेताना होणारा खरखराट जवळजवळ नाहीसा होतो, आणि वेढ्यांमधील घर्षणामुळे वरचे उपस्वर लवकर विरतात. तंबोऱ्याची जवारी ज्या उपस्वरांना फुलवते, त्यांनाच ही तार आवरते. परिणामी स्वराचा आघात ठसठशीत, गाभा भरीव आणि आस, म्हणजे आघातानंतर नाद टिकून राहण्याचा काळ, आखूड वाटते.

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास 1951 मध्ये बाजारात आला, तेव्हा चपट्या तारा हीच रूढ गोष्ट होती. 1960 च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ या वाद्यवृंदाचे बासवादक जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने पियानोसारख्या खणखणीत नादाच्या राऊंडवाऊंड तारा घडवल्या. पुढे रॉक संगीतात त्याच सर्वमान्य झाल्या आणि चपटी तार ‘जुन्या आवाजाची’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ही ओळख कितपत खरी आहे, हे दोन वादकांच्या उदाहरणांवरून तपासता येते.

पहिले उदाहरण डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतील जेम्स जेमरसन यांचे. त्यांच्या 1962 च्या प्रिसिजन बासवर ला बेला कंपनीच्या जाड चपट्या तारा असत, घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, आणि उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तार छेडत. तार तुटल्याखेरीज ती बदलायची नाही, असा त्यांचा परिपाठ होता. वर्षानुवर्षे वाजलेल्या तारेचे वरचे उपस्वर मंदावलेले, त्यात फोममुळे आस आणखी आखूड झालेली. त्यामुळे त्यांच्या चपळ, वळणदार स्वरावली ढोलाच्या ठोक्याशी एकजीव होऊनही स्पष्ट ऐकू येत.

दुसरे उदाहरण लंडनच्या ‘आयर्न मेडन’ या वाद्यवृंदाचे बासवादक स्टीव्ह हॅरिस यांचे आहे. त्यांच्या प्रिसिजन बासवरही चपट्याच तारा असतात, पण त्या ते वारंवार बदलतात, दोन-तीन बोटांनी जोरकस छेडतात, आणि तार पडद्यांवर आपटून होणारा टणत्कार आपल्या शैलीत सामावून घेतात. कोरी चपटी तार पुरेशी चमकदार असते. तिची चमक वापराने उतरते. एकाच जातीच्या तारेतून इतके परस्परविरोधी नाद निघतात, याचे एक महत्त्वाचे कारण तारेचे वय हे आहे.

ताण हा निवडीचा पहिला निकष मानावा. स्वर आणि लांबी कायम असताना ताण तारेच्या प्रतिइंच वजनावर ठरतो, आणि घडण सारखी असेल तर वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ‘ई’ची तार 0.100 इंचांऐवजी 0.110 इंचांची घेतली, तर जाडी दहा टक्के पण ताण सुमारे एकवीस टक्के वाढतो. चपट्या वेढ्यांत फटी कमी असल्याने तितक्याच जाडीची चपटी तार सामान्यतः गोल वेढ्यांच्या तारेपेक्षा अधिक ताणाची असते. ला बेलाचा 0.052 ते 0.110 इंचांचा जेमरसन पद्धतीचा संच बोटांची परीक्षा पाहतो. उलट व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या जॅझ फ्लॅट्स कमी ताणाच्या, लवचिक आणि मधल्या पट्टीत बोलक्या असतात. जोरकस हाताच्या वादकाला अशी सैल तार डळमळीत वाटते, तर हलक्या हाताच्या वादकाला तीच सुखावह होते.

धातूचा विचार त्यानंतर येतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी कठीण व तुलनेने उजळ नादाची, तर निकेलची पट्टी मऊ व उबदार नादाची असते. पडदे नसलेल्या फ्रेटलेस बासवर चपट्या तारेचा आणखी एक लाभ असा, की ती बोटपट्टीचे लाकूड कमी झिजवते. बासवादक जॅको पास्टोरियस यांनी फ्रेटलेसवर गोल वेढ्यांच्या तारा वापरल्या, पण त्यासाठी बोटपट्टीवर इपॉक्सीचा कठीण लेप चढवावा लागला.

तार चढवतानाही काळजी लागते. तारेच्या टोकाशी रंगीत रेशमी दोऱ्याचे वेष्टन असते. ते खुंटीकडच्या भागातच राहावे, वाजणाऱ्या लांबीत येऊ नये, म्हणून घोडीपासून नटपर्यंतचे, म्हणजे खुंट्यांकडच्या आडपट्टीपर्यंतचे, अंतर मोजूनच संच घ्यावा. जादा तार कापण्याआधी कापण्याच्या जागेच्या अलीकडे ती काटकोनात दुमडावी, अन्यथा वेढे सैल पडून तार मुकी होण्याचा धोका असतो. ताण बदलल्याने वाद्याची मान वाकते किंवा सरळ होते, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे मानेचा वाक जुळवणारी आतली सळई, आणि घोडीवरची स्वरजुळणी पुन्हा तपासावी.

या तारेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मोबाईलसारख्या लहान स्पीकरमधून 41 हर्ट्‌झचा मूळ स्वर जवळजवळ निघतच नाही. कान तो उपस्वरांवरून ताडतो, आणि जुन्या चपट्या तारेत उपस्वरच क्षीण असल्याने बास गायब झाल्यासारखा वाटतो. अंगठ्याने आपटून वाजवण्याच्या स्लॅप शैलीलाही झगझगीत वरचे स्वर लागतात, जे इथे तोकडे पडतात.

तारेच्या वयानुसार नाद असा बदलतो, म्हणून चपट्या तारांचा संच चढवल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या नादावर निकाल देणे घाईचे ठरते. किंमत चढी असली तरी हा संच दीर्घकाळ टिकतो, आणि काही महिन्यांनी तो जो आवाज देतो तो कोऱ्या संचाचा नसतो. यांपैकी कोणता आवाज हवा हे ज्याने आधी ठरवले, त्या वादकाला ताण, धातू आणि जाडी यांचा मेळ घालणे फारसे अवघड जात नाही.