कोरियाच्या खेड्यापाड्यांतून : घडविणारे हात आणि मिरविणारीं नांवें



कोरिया म्हटलें कीं आपल्या लोकांना तेथील मोटारी आठवतात, किंवा १९५० ते १९५३ पर्यंत चाललेली लढाई आठवते. आज आम्ही त्या देशाच्या दक्षिण भागांतील खेड्यांविषयीं बोलणार आहों. पूर्वेकडील क्योंगजू या जुन्या राजधानीपासून निघावें, उत्तरेस आंदोंगकडे जावें, तेथून नैर्ऋत्येस हेइन्सा मठाचा घाट चढावा आणि शेवटीं दक्षिणेस चिंजू शहरीं उतरावें, असा आमच्या मोटारीचा रस्ता. देखावा फार सुंदर. पण नुसता देखावा सांगून तुमचा वेळ घेणें बरें नव्हे. प्रत्येक ठिकाणीं आम्ही एकच प्रश्न विचारला : हें घडविलें कोणीं, आणि मान मिळाला कोणास?

मोटार शहराबाहेर पडली कीं दोहों बाजूंस डोंगर आणि मधल्या खोऱ्यांत भातशेती. पिकलेलें भात, घरापुढें वाळत घातलेल्या तांबड्या मिरच्या, आंदोंगच्या बाजूस सफरचंदांच्या बागा. आपल्या मावळांतील माणसास परका वाटूं नये असा हा मुलूख. पण या शेतांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९१० ते १९४५ पर्यंत जपानी अंमल होता. त्या काळीं शेतकऱ्यांतले पुष्कळसे कुळें होते आणि निम्मेंशिम्में पीक जमीनदाराच्या घरीं जाई. १९४९ सालीं कायदा झाला आणि १९५० पासून तो अमलांत आला. एका कुटुंबास तीन चोंगबो, म्हणजे सुमारें साडेसात एकर, यापेक्षां जास्त शेतजमीन ठेवतां येईना. कुळानें एका वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पांच वर्षांत फेडावी आणि मालक व्हावें, असें ठरलें. प्रवाशाला जें रम्य रान दिसतें, त्याच्या मुळाशीं हा हिशेब आहे.

आतां क्योंगजू. ही शिल्ला राज्याची राजधानी. तें राज्य ९३५ सालीं संपलें. गांवांत राजांच्या थडग्यांवर मातीचे प्रचंड ढीग आहेत. गवत वाढल्यामुळें दुरून टेकड्याच वाटतात. जवळ पुलगुक्सा हा बौद्ध मठ. किम देसोंग नांवाच्या मंत्र्यानें ७५१ सालीं त्याचें बांधकाम सुरू केलें, असें जुने ग्रंथ सांगतात. १५९३ सालीं जपानी स्वारींत लांकडी इमारती जळाल्या. दगडी जिने आणि दोन दगडी स्तूप उरले.

मागल्या डोंगरावर सोक्कुराम गुहा आहे. आपल्या पाथरवटांनीं अजिंठा, वेरूळ, कार्लें येथें सह्याद्रीचा काळा कातळ कोरून लेणीं काढलीं. तिकडचा दगड कठीण ग्रॅनाइटचा. म्हणून तेथील पाथरवटांनीं शेंकडों चिरे घडविले, ते घुमटाकार रचले, वरून माती घातली आणि डोंगरांत गुहा उभी केली. घुमटाचे चिरे सरकूं नयेत म्हणून मधून मधून लांब दगडी खुंट्या ठोकल्या आहेत. आंत सुमारें साडेतीन मीटर उंचीची बुद्धाची बैठी मूर्ति, उजवा हात भूमीकडे लावलेला.

मंत्र्याचें नांव इतिहासांत आहे. पाथरवटाचें नांव मात्र दंतकथेंत शोधावें लागतें. पुलगुक्साच्या एका स्तूपाची कथा लोक सांगतात. तो घडविणारा कारागीर आसादाल. त्याची बायको आसान्यो त्याला शोधीत दूर देशाहून आली. काम पुरें होईपर्यंत तिला भेट मिळेना. स्तूप पुरा झाला म्हणजे त्याची सावली तळ्यांत दिसेल, असें तिला सांगण्यांत आलें. ती तळ्याकाठीं वाट पाहत बसली. सावली दिसलीच नाहीं, आणि तिनें तळ्यांत जीव दिला. ही कथा खरी असो वा नसो, घर सोडून मोठ्यांच्या बांधकामावर गेलेल्या कारागिराच्या बायकोचें दुःख तींत खरें आहे. याच स्तूपांत १९६६ सालीं एक कागदी गुंडाळी सांपडली. लांकडी ठशांनीं छापलेले जगांतील सर्वांत जुने जे लेख मानतात, त्यांत तिची गणना होते.

क्योंगजूहून आम्ही आंदोंगकडे वळलों. तेथें नाकडोंग नदीच्या वळणांत हाहवे गांव वसलें आहे. यांगबान म्हणून जो विद्वान व जमीनदार वर्ग होता, त्याचीं घरें कौलारू. त्यांच्याकडे राबणारांचीं घरें गवताचीं. हा भेद आजहि छपरांवरून ओळखतां येतो. याच गांवांत मुखवट्यांचें एक जुनें सोंग आहे. त्यांत यांगबान आणि पंडित आपापल्या ग्रंथांची संख्या सांगत भांडतात. एक म्हणतो, आम्ही इतके ग्रंथ पढलों. दुसरा त्याच्या वरचढ आंकडा सांगतो. मग नोकर पुढें येऊन त्या ग्रंथांचीं नांवें सांगूं लागतो, आणि शेवटचा ग्रंथ म्हणून सालगड्याच्या वर्षाच्या मजुरीचें नांव घेतो. कारण त्यांच्या भाषेंत दोहोंच्या शब्दांचा शेवट एकच आहे. सत्यशोधक जलशांत पोथीवाल्यांची फजिती पाहून जे हंसले, त्यांच्या नातवंडांस या हंशाचा अर्थ समजावून सांगावयास नको. ज्याची मजुरी थकते, त्याला ती कोणत्याहि पोथीपेक्षां पाठ असते!

याच आंदोंग भागांत १९४० सालीं एक जुनें पुस्तक सांपडलें. त्याची गोष्ट कोरियाचा प्राण आहे. तेथें पूर्वीं सारी विद्या चिनी लिपींत असे. हजारों अक्षरें शिकावयास वर्षांचीं वर्षें लागत. शेतकऱ्यानें नांगर सोडून तीं केव्हां शिकावीं? सेजोंग राजानें १४४३ सालीं अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपि तयार केली आणि १४४६ सालीं ती जाहीर केली. साध्या माणसाला आपलें म्हणणें लिहितां यावें, हा हेतु त्यानें स्पष्ट सांगितला. सांपडलेलें पुस्तक त्याच लिपीचा खुलासा करणारें होय. १४४४ सालींच छे मान्नी प्रभृति दरबारी विद्वानांनीं विरोधाचा अर्ज केला. लिपि राहिली, पण पंडितांनीं तिला बायकांची लिपि म्हणून हिणविलें. सरकारी कागदांत तिला मान मिळण्यास १८९४ साल उजाडलें. म्हणजे लिपि झाल्यावर साडेचारशें वर्षें! विद्येचें दार उघडलें, तरी उंबऱ्यावर बसलेले लोक आपण होऊन उठत नाहींत.

हेइन्सा मठ ८०२ सालीं स्थापन झाला. मोटार दाट पाइनच्या रानांतून वर चढते. मंगोल लोकांच्या स्वाऱ्या चालू असतां तेराव्या शतकांत बौद्ध त्रिपिटक लांकडी फळ्यांवर कोरण्यांत आलें. कामास सुमारें सोळा वर्षें लागलीं. ८१ हजारांहून अधिक फळ्या, बहुतेक दोहों बाजूंनीं कोरलेल्या, आज या मठांत आहेत. एकेक फळी सुमारें तीन किलो वजनाची. पुष्कळ फळ्यांच्या कडेला कोरणारांचीं नांवें आहेत, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें. ज्या कोठारांत त्या ठेवल्या आहेत, तीं पंधराव्या शतकांतलीं. पुढल्या व मागल्या भिंतींतील खालच्या-वरच्या खिडक्या मुद्दाम लहानमोठ्या केल्या आहेत, म्हणून वारा आंत फिरून बाहेर जातो. जमिनींत कोळसा, मीठ, चुना, वाळू यांचे थर आहेत, ते ओल धरतात व सोडतात. ही सुताराची व गवंड्याची विद्या. पांच शतकांवर लांकडाला वाळवी-बुरशीपासून जपते आहे. तरीहि त्या काळच्या राजवटींत भिक्षूंनाच हलकें लेखीत. राजधानींत पाऊल टाकण्याची त्यांना मनाई होती. ती १८९५ सालीं उठली. मठांवर सरकारास कागद करून पुरविण्याची सक्ती असे. १९५१ सालीं लढाईंत या मठाच्या परिसरावर बाँब टाकण्याचा हुकूम सुटला, तेव्हां किम योंगह्वान या वैमानिक अधिकाऱ्यानें तो पाळला नाहीं. म्हणून हें धन राहिलें.

शेवटचें ठिकाण चिंजू. येथें मोठें देऊळ पाहण्यास आम्ही गेलों नव्हतों. कोरियांत पेकचोंग म्हणून एक वर्ग होता. खाटीक, चामड्याचें काम करणारे, टोपल्या विणणारे. आपल्याकडील खाटीक, चांभार, बुरूड यांचे धंदे. त्यांनीं गांवाबाहेर राहावें, इतरांसारखा पोषाख करूं नये, लहान पोरानेंहि त्यांना अरेतुरे करावें, असा रिवाज. १८९४ सालीं जन्मजात उच्चनीचता कायद्यानें रद्द झाली. पण पुढेंहि सरकारी नोंदवहींत त्यांच्या नांवास खूण केली जाई, आणि त्यांच्या मुलांना शाळेंत घेण्यास इतर लोक आडवे येत. तेव्हां एप्रिल १९२३ मध्यें चिंजू येथें ह्योंगप्योंगसा ही संस्था स्थापन झाली. नांवाचा अर्थ तराजूची समता. खाटकानें रोज हातांत धरलेला तराजू त्यांनीं न्यायाची निशाणी केला! पेकचोंगांबरोबर वरच्या वर्गांतले कांहीं सज्जनहि त्यांत होते. आपल्याकडे १८७३ सालीं जोतीरावांनीं सत्यशोधक समाज काढला आणि १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर पाण्यासाठीं सत्याग्रह झाला; या दोहोंच्या दरम्यानचें हें साल.

बंधूंनो, राजानें लिपि दिली, सरकारनें कायदा केला, तरी त्या तराजूचा कांटा मधोमध आणावयास खाटकाच्या पोरांस स्वतःच उठावें लागलें. म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत कोष्ट्यांच्या श्रेणींचा उल्लेख दगडावर आहे. तो आपल्या मुलांना दाखवा. गांवच्या देवळाचा गवंडी, वाड्याचा सुतार, विहिरीचा पाथरवट यांचीं नांवें म्हाताऱ्यांस आठवतात तोंवर वहींत लिहून ठेवा. आणि ती वही मुलानें लिहावी तशी मुलीनेंहि लिहावी. ज्यांच्या हातांनीं घडविलें त्यांच्याच हातांत लेखणी आली, म्हणजे त्यांचीं नांवें दंतकथेंत शोधावीं लागणार नाहींत.