शांतिसेना कोणाच्या बाजूने?

(जबलपूर येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



27 फेब्रुवारी 1946 रोजी याच जबलपुरातील सिग्नल्स प्रशिक्षण केंद्राचे जवान बराकी सोडून मिरवणुकीने शहरात आले. मुंबईच्या नौसैनिकांवरील गोळीबाराचा निषेध, हे त्यांच्या उठावाचे एक कारण होते. त्या नौसैनिकांच्या मागण्यांत पगार व अन्न यांबरोबरच आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी हिंदी शिपाई वापरला जाऊ नये, हा तिचा अर्थ. परदेशी जाणारी फौज, मग तिचे शिरस्त्राण निळे का असेना, कोणाच्या बाजूने उभी आहे, हे त्या जवानांप्रमाणे आजही विचारले पाहिजे.

काँगोचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. 30 जून 1960 रोजी काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. 11 जुलैस मोईस चोंबे याने कटांगा प्रांत फुटून निघाल्याचे जाहीर केले. जबलपुरातही कटंगा नावाची वस्ती आहे. तिकडच्या कटांगात तांब्याच्या खाणी होत्या, आणि चोंबेच्या पाठीशी ‘युनियन मिनिएर’ ही खाण कंपनी व बेल्जियन अधिकारी होते. काँगो सरकारच्या विनंतीवरून सुरक्षा मंडळाने 14 जुलैस शांतिसेना मंजूर केली. परंतु अंतर्गत वादात तटस्थ राहण्याच्या धोरणामुळे फुटीरांचे फावले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा पदच्युत झाले, पकडले गेले, आणि 17 जानेवारी 1961 रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. शांतिसेना तेव्हा काँगोतच होती! या हत्येची नैतिक जबाबदारी बेल्जियमच्या संसदीय चौकशीने 2001 मध्ये मान्य केली.

या हत्येनंतर 21 फेब्रुवारी 1961 रोजी सुरक्षा मंडळाने यादवी रोखण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळाच्या वापरास संमती दिली. इंडोनेशिया, मोरोक्को आदी देशांनी निषेधार्थ फौजा काढून घेतल्या; भारताने मात्र संपूर्ण ब्रिगेड धाडली. 5 डिसेंबर 1961 रोजी एलिझाबेथव्हिल येथे रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया अवघ्या 16 जवानांनिशी मोठ्या तुकडीवर तुटून पडले व धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. काँगोत भारताचे 39 सैनिक कामी आले. जानेवारी 1963 मध्ये कटांगाची फुटीरता संपली.

ध्वज तोच, देश तोच. बदलला तो आदेश. आक्रमक आणि पीडित यांच्यातील तटस्थता आक्रमकाच्याच पथ्यावर पडते, हा काँगोचा पहिला धडा होय.

मात्र बंदूक हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. एलिझाबेथव्हिलच्या लढाईत सामान्य नागरिकही बळी पडले, ही गोष्ट विसरता येणार नाही. शिवाय देश एकसंध राहिला तरी सत्ता जनतेच्या हाती आली नाही. नोव्हेंबर 1965 मध्ये मोबुटूने ती बळकावली आणि पाश्चात्त्य सत्तांच्या पाठिंब्याने दीर्घकाळ, एकूण 1997 पर्यंत, उपभोगली. शांतिसेना सीमा राखू शकते. खाणींची मालकी कोणाची, हा प्रश्न ती सोडवू शकत नाही. हा दुसरा धडा.

तो आजही खोटा ठरलेला नाही. 1999 पासून काँगोत पुन्हा शांतिसेना आहे. 2013 मध्ये तिच्यात सशस्त्र टोळ्यांवर चाल करणारी खास ब्रिगेड स्थापण्यात आली. तरीही जानेवारी 2025 मध्ये रुआंडाचा पाठिंबा असलेल्या ‘एम 23’ने गोमा शहर जिंकले. जोवर शेजारी राष्ट्रांतून शस्त्रे येत राहतात आणि खनिजांना गिऱ्हाईक मिळत राहते, तोवर मधल्या पहाऱ्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

सैनिक बहुधा भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ यांसारख्या देशांचे असतात. नकाराधिकार मात्र पाच बड्या राष्ट्रांचा. म्हणून फौज धाडण्यापूर्वी आदेश स्पष्ट असावा, पीडितांच्या रक्षणाची हमी असावी, आणि संघर्षाला पैसा पुरवणाऱ्यांवरही निर्बंध असावेत, असा आग्रह धरणे हे शांततावादी जनतेचे कर्तव्य आहे. 1946 साली जबलपूरच्या जवानांनी ज्यांच्यासाठी बराकी सोडल्या, त्या नौसैनिकांच्या मागणीचा आजचा अर्थ हाच आहे.