शब्दांच्या जाती आणि एका मिनिटाची चित्रफीत



आठ जातींची नावे विचारली की प्राथमिक शाळेतली मुले ती एका दमात म्हणून दाखवतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार. तीच मुले मोठी होऊन महाविद्यालयात येतात, तेव्हा मी फळ्यावर लिहितो : ‘वर बघ’, ‘झाडावर बघ’, ‘वर घोड्यावर बसला’. यांतल्या ‘वर’ची जात कोणती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. पहिला क्रियाविशेषण, दुसरा शब्दयोगी, तिसरा तर चक्क नाम! शब्दाची जात जन्मावर ठरत नाही, त्याने वाक्यात केलेल्या कामावर ठरते. ही एवढीशी गोष्ट व्याख्या पाठ करून कळत नाही.

वर्गीकरण तसे जुनेच. यास्काने चार प्रकार मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. मोठी माणसे, मोठे ग्रंथ. पण आठ वर्षांच्या पोराला ग्रंथ काय कामाचा? त्याला हाताने करायला काहीतरी हवे.

आज पुष्कळ शिक्षकांच्या खिशात चित्रफीत काढणारा फोन आहे. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून धडे मुलांपर्यंत नेले आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, हे आपण ऐकले असेल. मात्र शिक्षकाने तयार करायचे आणि मुलाने पाहायचे, एवढ्यावर व्याकरणाचे भागत नाही. इथे चित्रफीत मुलांनी काढली पाहिजे.

आता असे समजा, शाळा आपल्या साकोलीजवळच्या एखाद्या गावात आहे, दिवस रोवणीचे आहेत. पाच-पाच मुलांचा गट करा. प्रत्येक गटाला एक मिनिट. नाम टिपून आणा म्हणावे. मुले बांधी टिपतील, पऱ्हे टिपतील, बोडीतली म्हैस टिपतील. मग सांगा, ‘भूक’ टिपून आणा. इथे गंमत सुरू होते. भुकेचे चित्र कसे काढणार? कोणी पोटावर हात ठेवील, कोणी रिकामा डबा दाखवील. तो डबा म्हणजे भूक नव्हे, हे मुलेच म्हणतील. वस्तूच्या नावाला नाम म्हणतात ही अर्धी व्याख्या तिथल्या तिथे गळून पडते.

विशेषणाचेही तसेच. ‘हिरवे’ एकटे टिपता येत नाही, हिरवे काहीतरी लागते. क्रियापदाला स्थिर चित्र पुरत नाही, हालचाल लागते. (‘आहे’ला मात्र हालचाल नाही. ही शंका एखादे हुशार मूल काढतेच, काढू द्यावी.) ‘तो चिखलात उतरला’ असे बोलत चित्रफीत सुरू केली की पाहणारे विचारतात, तो कोण? आधी माणूस दाखवा, मग ‘तो’ म्हणा. सर्वनामाचा सगळा कारभार या एका प्रश्नात आला.

मला सर्वांत आवडतो तो उभयान्वयीचा भाग. ‘आणि’ला कॅमेऱ्यात धरता येत नाही. पण दोन तुकडे जोडले की सांध्यात ‘आणि’ असतो. ढग दाटून आले असा एक तुकडा, कोरडी बांधी असा दुसरा; सांध्यात आता ‘पण’ आला. मुलांना तुकडे उलटसुलट लावून बघू द्या. वाक्य बदलते की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये आवाज नव्हता, मधूनमधून अक्षरांच्या पाट्या होत्या. तशीच ही चित्रफीत आधी मुकी दाखवावी आणि वाक्य नंतर मुलांकडून घ्यावे.

ते वाक्य कोणत्या बोलीत घ्यायचे? आपल्या झाडीपट्टीतले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. तोंड उघडताच गुरुजींनी उच्चार सुधारला, की ते मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला व्याकरण शिकवायचे तरी कशावर? ‘पानी’ हेही नामच आहे. पहिल्या फेरीत घरची बोली जशीच्या तशी येऊ द्या. दुसऱ्या फेरीत तेच वाक्य पुस्तकी मराठीत म्हणवून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. नाम कुठे आहे, क्रियापद कुठे आहे, ते दोन्हींकडे शोधा. दंडार पाहत वाढलेल्या मुलांना बोलण्याचा संकोच मुळात नसतो, तो आपण शाळेत लावतो.

चित्रीकरण चालू असता म्हैस अंगावर आली, की फोन धरणारा पोर ‘अबब!’ किंवा ‘अगं आई!’ असे हमखास ओरडतो. तो आवाज कापून टाकू नये. केवलप्रयोगीचा याहून चांगला नमुना पुस्तकात सापडणार नाही.

एक सावधगिरी. वर्गाला एक फोन पुरे, आणि तो शिक्षकांचा असावा. मुलांसाठी फोन घ्या असा निरोप घरी जाऊ नये. मुलांचे चेहरे असलेली चित्रफीत आईवडिलांना विचारल्याशिवाय गावाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये. वर्गात दाखवावी, परीक्षेपर्यंत ठेवावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुसून टाकावी.